नोकरी बदलली आहे, काळजी करू नका

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कंपनीचा राजीनामा मी दिला असून पुढील महिन्यापासून इथे सॅन अँटोनिओतच एका लहान कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून रुजू होते आहे. पगार कमी असला तरी आरोग्यविमा आहे, घर तेच राहील आणि तुमच्या औषधपाण्याचे पैसे पूर्वीसारखेच येत राहतील.

बाबा, लहान कॉलेजात पुढे वाव काय, असे तुम्ही विचाराल. इथल्या स्पर्स या एनबीए म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेल्या ग्रेग पोपोविच यांनी 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना-पिट्झर या कॉलेज संघापासून सुरुवात केली, जिथे खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्तीही मिळत नसे, आणि पहिल्या हंगामात फक्त दोन सामने जिंकून बावीस हरले. तरीही ते टिकून राहिले. 1986 मध्ये त्याच संघाने आपली लीग जिंकल्यावर ते वर्षभराची रजा घेऊन डीन स्मिथ आणि लॅरी ब्राउन या नामवंत प्रशिक्षकांकडे शिकायला गेले, आणि पुढे ब्राउन यांनीच 1988 मध्ये त्यांना स्पर्समध्ये सहायक म्हणून आणले. 1994 मध्ये ते संघाचे जनरल मॅनेजर झाले. डिसेंबर 1996 मध्ये त्यांनी प्रशिक्षकाला दूर करून ती जबाबदारी स्वतःकडे घेतली, तेव्हा टीका झाली आणि त्या हंगामात संघ 82 पैकी 20 सामनेच जिंकू शकला. पुढल्या वर्षी टिम डंकन हा गुणी खेळाडू संघात आला आणि 1999 ते 2014 या काळात एनबीएची पाच विजेतेपदे मिळाली. मला मात्र त्या पाचांहून ती एक वर्षाची रजा मोठी वाटते, कारण संघ घडवून दाखवल्यानंतरही सदतिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि माझेही वय आज तेवढेच आहे.

ऑफिसातून दमून आल्यावरही तुम्ही डेक्कन जिमखान्याच्या कोर्टाबाहेर माझा सराव संपेपर्यंत थांबायचात, आणि आई, तू दिलेला गूळ-शेंगदाण्यांचा डबा मी तुमच्याच शेजारी बसून संपवायचे. हा खेळ तुम्हीच मला दिला आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये पोपोविच यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. एनबीएच्या साखळी सामन्यांत प्रशिक्षक म्हणून सर्वाधिक 1422 विजय नावावर असूनही मे 2025 मध्ये त्यांनी प्रशिक्षकपद मिच जॉन्सन या आपल्या सहायकाकडे सोपवले आणि स्वतः बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष म्हणून मागे उभे राहिले. बाबा, तुमच्याविना सोसायटीचे काम अडते हे मला ठाऊक आहे, पण आता चिटणीसपद कुणा तरुणाकडे द्या आणि तुम्ही सल्ला द्या. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, लोणचे-पापड पूर्ण बंद. आई, तू त्यांना चोरून वाढू नकोस, आणि गुडघे दुखत असताना जिन्याने पाण्याच्या बादल्या नेऊ नकोस. कामवाल्या मावशींना सांग, त्यांचे जास्तीचे पैसे मी पाठवीन. दोघांच्या तपासणीचे अहवाल रविवारपर्यंत मला व्हॉट्सॲपवर मिळाले पाहिजेत.

तुमची,
मनू