‘पंप बघितला, ओके’

महोदय,

भोसरीतल्या एका कारखान्यात मी ३२ वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली. रात्रपाळीच्या लॉगबुकात एकदा नोंद होती, ‘पंप नं. ३ बघितला, ओके.’ काय बघितलं? गळती, आवाज की बेअरिंग? सकाळी साडेनऊला तोच पंप जॅम झाला आणि लाइन चार तास उभी राहिली. लिहिणारा पोरगा कामाला वाघ. बेअरिंग गरम लागतंय हे त्याच्या हाताला कळलंही होतं, पण कागदावर उतरलं नाही.

हे मोठ्यांकडेही घडतं. २००३ साली कल्पना चावलांसह सात अंतराळवीरांचा जीव घेणाऱ्या कोलंबिया यानाच्या दुर्घटनेच्या चौकशी अहवालाने, यान अवकाशात असताना इंजिनीअरांनी नासाला दाखवलेल्या एका स्लाइडवर बोट ठेवलं. उड्डाणावेळी यानाच्या पंखावर आदळलेला फोमचा तुकडा अंदाजे १९२० घनइंचांचा, आधीच्या चाचणीतला ३ घनइंचांचा. हा फरक अगदी तळच्या ओळीत. वर मथळा धीर देणारा!

मुलाखतीला आलेल्या इंजिनीअरांना आम्ही शेवटी एकच काम द्यायचो : समोरचा व्हॉल्व्ह कसा बदलायचा ते दहा ओळींत लिहा, मराठीत चालेल. (मराठी म्हटलं की काही जण जास्तच गडबडायचे.) ज्यांना जमलं, ते पुढे लवकर शिफ्ट इनचार्ज झाले.

डिप्लोमाची जर्नलं मात्र अजून मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जातात. निदान एक प्रयोग मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावा, दुसऱ्याने तो नुसता वाचून करून दाखवावा, मगच सरांनी सही करावी.

– एक निवृत्त मेन्टेनन्स इंजिनीअर, भोसरी