उचल देणारा ओळखीचाच असतो

महोदय,

३० जुलैच्या मानवी तस्करीविरोधी दिनानिमित्त नातीच्या शाळेत व्याख्यान झालं. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घ्यायचा नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, एवढं ऐकून ती घरी आली. त्यात खोटं काही नाही. पण इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात आश्रमशाळेत शिकवताना माझ्या वर्गातून जी मुलं गेली, त्यांना नेणारा माणूस वाडीवर सगळ्यांच्या ओळखीचा होता.

सहावीतला एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही, म्हणून मी घरी गेलो. आई चुलीपाशी बसलेली. वर न बघता म्हणाली, "मेंढरांमागं गेलाय गुर्जी. उचल फिटली का येईल." सासऱ्याच्या दवाखान्यासाठी घेतलेली उचल, म्हणजे कामाच्या बदल्यात आगाऊ घेतलेले पैसे, किती फिटले, किती उरले, तिला सांगता येईना. मी परत येऊन हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत राहिलो, वर्षअखेरपर्यंत. ती वेठबिगारी होती आणि मी ती कुणाला कळवली नाही, हे मला आजही सलतं.

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात नगरकडच्या मेंढपाळांकडे राबत असल्याचं उघड झालं, तेही दहा वर्षांची एक मुलगी दगावल्यावर. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे. त्यानुसार असं कर्ज रद्दच होतं, आणि ते वेठीचं नाही हे मालकाने सिद्ध करायचं असतं. सुटका झालेल्याला ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुनर्वसनाची मोठी रक्कम मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली. खटला चालतो वर्षानुवर्षं, घरात दाणा नसतो, आणि उचल देऊन माणसं कामाला नेणारा मुकादम पुन्हा दारात.

गुन्हे नोंदवायलाच हवेत. पण अडल्या वेळी रोख पैसे देणारा वाडीवर मुकादमच एकटा असेल, तर एकाला अटक झाली की दुसरा येतो. आजारपण, बाळंतपण, मयत यांसाठी पाच-दहा हजार रुपये दोन दिवसांत मिळतील अशी सोय सरकारने का करू नये? आदिवासी विकास आयुक्तालय आणि आदिवासी विकास महामंडळ, दोन्ही आपल्या नाशकातच आहेत. महामंडळाला खावटी, म्हणजे अडचणीच्या काळात आदिवासींना पोटापुरती मदत, वाटण्याचा अनुभवही आहे. ज्या कातकऱ्यांकडे अजून जातीचा दाखला किंवा रेशनकार्ड नाही, त्यांना ही कागदपत्रं वाडीवर जाऊन द्यावीत, तालुक्याला खेटे घालायला लावू नयेत. भातकापणी संपताच रोजगार हमीचं काम निघावं आणि मजुरी वेळेवर पडावी.

मुकादम भात निघायच्या आधीच फेऱ्या मारायला लागतो. वेठबिगारी दक्षता समितीची बैठक त्याआधी व्हावी, आणि गेल्या वर्षी वेठबिगारीतून सुटलेल्यांना किती मुक्ती प्रमाणपत्रं दिली, याचा तालुकावार आकडा जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावा. सलग आठ दिवस न आलेल्या मुलाचं नाव मुख्याध्यापकांनी तहसीलदारांना लेखी कळवावं आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावरही सांगावं.

— एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक, म्हसरूळ, नाशिक