पार्टिंग लाइन नीट घास

चिंचवड, रविवार रात्र

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर मी तुझ्या त्या वॉरहॅमर खेळातल्या प्लास्टिकच्या सैनिकांना 'खेळणी' म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोललेली नाही. तो शब्द मी मागे घेतो. रात्रीचं जेवण नूडल्सवर भागवून त्यांचा खोका घेतलास, त्याचं मात्र तू बघ.

असो. जेवणावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू रंगवलेल्या सैनिकांचा फोटो मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून पाहिला. चौतीस वर्षं टूलरूममध्ये साचे बनवण्यात काढली, त्यामुळे एवढं कळतं की शंभर पौंडांच्या खोक्यात प्लास्टिक चहापाण्याच्या पैशांचं. खरे पैसे डायचे, म्हणजे साच्याचे. चिलखतावरच्या रिव्हेटची डोकीसुद्धा पोलादात कोरायची म्हणजे चेष्टा नाही. अंडरकट, म्हणजे आत वळलेला भाग, आला की कडक प्लास्टिक डायमधून सुटत नाही, म्हणून हात वेगळा, धड वेगळं, मुंडकं वेगळं, आणि तुम्ही पोरं चिकटवत बसता. हे सगळं तिथंच नॉटिंगहॅममध्ये ओततात म्हणालास तेव्हा, खरं सांगू, मला तुझा हेवा वाटला. तो कारखाना आतून बघू देतात का रे?

पण हिशेब तो हिशेबच. एक खोका अकरा-बारा हजारांच्या घरात. तुमच्या खेळात फौज पॉइंटांत मोजतात; दोन हजार पॉइंटांची उभी करायला तसे तीन-चार तरी हवेत. रंगाची 12 मिलीची डबी साधारण तीन पौंडांना, म्हणजे लिटरला अडीचशे पौंडांच्या घरात! एवढ्यात आपलं घर आतून रंगून निघेल. वर खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती 2017 ला, मग 2020 ला, मग 2023 ला. जूनपासून कर्जाचा हप्ता सुरू होतोय, आणि तू रात्री नूडल्स... आलोच बघ पुन्हा तिथं.

मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात म्हणालास ना? मग हजार पॉइंटांवर खेळ. अर्धवट रंगवून कंटाळलेल्यांची फौज स्वस्तात मिळत असेल, ती बघ. हातातला खोका रंगवून झाल्याशिवाय दुसरा नको. दाजीकाकांच्या रेडिओंसारखं व्हायला नको, एवढंच. (हा विषय आईपुढे काढू नकोस.) भाषण झालं, माफ कर. तिथं गेल्यावर पहिले तीन महिने तुझ्या बोलण्यात एकाही माणसाचं नाव नसायचं. आता शुक्रवारी चार जण टेबलाभोवती असतात, फासे टाकतात, भांडतात. त्याची किंमत मला पौंडांत लावता येत नाही.

सहावीतला किल्ला आठवतो? कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांचे डोळे ओघळलेले होते, म्हणून तू आईची सुई रंगात बुडवून सगळे पुन्हा काढलेस. अळीव उगवून आले तरी तुझे डोळे काढणं चालूच. तुला चाळीस मावळे हवे होते, मी दहा घेतले. त्या वर्षी ओव्हरटाइम बंद होता, हे तुला कधी सांगितलं नाही. दहा जणांचा पहारा तू सगळ्या बुरुजांवर पुरवलास आणि 'बाकीचे गनिमी काव्याला गेलेत' असं शेजाऱ्यांना सांगितलंस. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

फोटोतले डोळे तेव्हापेक्षा सरळ आलेत. साहेबांना दाखवले, त्यांना कळलं नाही, पण मी दाखवले. डाव्या खांद्यावर मात्र पार्टिंग लाइन, म्हणजे डायच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची रेघ, राहिली आहे. रंगाखाली ती लपत नाही, उलट उठून दिसते. रंगाआधी घासायची. माझ्या पेटीतली बारीक अर्धगोल कानस मामीबरोबर पाठवतोय, मोठ्या सामानात टाकायला सांगितलंय. चकल्यांच्या डब्यात अगदी तळाशी आहे, वर दोन किलो चकल्या आहेत.

तुझा,
बाबा