ट्रेलर चालवायचे पैसे मिळतात, थांबायचे नाही

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गाडीला ड्रायव्हर मिळेना, नवीन पोरं या लाईनला येईनात असं सगळे शेठ लोक बोलतात, तुमच्या पेपरात पण मधे त्यावर आलं होतं म्हणून हे लिहितोय. मी जालन्याहून सळईचा ट्रेलर चालवतो, 14 वर्षं झाली, त्याआधी दहा टायरचा ट्रक होता. माझा भाचा आता 20 चा झालाय आणि मामा मी पण ट्रेलरच शिकतो म्हणून मागे लागलाय, पण मला त्याला सरळ हो म्हणता येईना.

लोकांना वाटतं ड्रायव्हर म्हणजे स्टेअरिंग धरायचं. कंटेनरवाल्याचं बऱ्यापैकी तसं आहे, दार लावलं सील मारलं की निघाला. आमच्या ट्रेलरला ना फाळके ना छप्पर, नुसता सपाट पाटा, त्यावर 40 फुटी सळईचे बंडल नाहीतर पत्र्याची कॉइल. ते जागेवर राहतं ते फक्त चेन, पट्टे आणि लाकडी गुटक्यांच्या जोरावर, आणि ते सगळं बांधायचं ड्रायव्हरने, कारण क्लीनर ठेवणं आता बहुतेकांनी बंद केलंय. निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर परत थांबावं लागतं, बंडल बसतात, चेन ढिली पडते, ती पुन्हा आवळायची. पावसाळ्यात ताडपत्री ओली झाली की एकट्याला ओढत नाही, तरी ओढायची, माल गंजला तर भरपाई आपल्या भत्त्यातून. एकदा जुन्या कसारा घाटात पुढच्या गाडीने दाबून ब्रेक मारला, मी पण मारला आणि मागून सळई हातभर पुढे सरकल्याचा आवाज आला. केबिनच्या मागे फक्त एक जाळी असते साहेब. गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास खाली उतरून नुसता बसून होतो. तेव्हापासून दुसऱ्याने बांधलेली गाडी मी घेत नाही.

आता हिशोब. पगार 17 हजार, एका फेरीला भत्ता 2 हजार, महिन्यात सात फेऱ्या, म्हणजे 31 हजार. ऐकायला बरं वाटतं. त्यातून 22 दिवस बाहेरचं जेवण चहा आंघोळ धरून रोजचे 350 गेले की हातात 23 हजाराच्या आसपास. आणि एका फेरीला 70 तास जातात, त्यातले गाडी चालवायचे जेमतेम 20. बाकीचे सगळे नंबर लागायची वाट बघणं, काट्यावर गाडीचं वजन करणं, बांधणं, सोडणं, क्रेन कधी येते, हमालांची वाराई म्हणजे माल उतरवायची मजुरी कोण देणार यावर वाद, आणि रात्री मालाची राखण म्हणून केबिनमधेच झोप. भागून बघा, तासाला पन्नास रुपये पण पडत नाहीत. आणि आमच्यासारख्या मोटार वाहतूक कामगारांसाठी 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता, पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू व्हायचा, त्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास लिहिले होते. मला तो 12 वर्षं माहीतच नव्हता.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला, पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत, इगतपुरीचा बोगदा झाला, कसारा सुटला. रस्ता खरंच चांगला आहे, मी मनापासून सांगतो, घाटाची धास्ती गेली. पण रस्त्यावर जे तास वाचले ते माझ्या घरी आलेच नाहीत, ते कळंबोलीच्या स्टील मार्केटमधे उभं राहण्यात गेले. पहाटे चारला पोहोचा नाहीतर दुपारी बाराला, गाडी खाली व्हायची ती त्यांच्या वेळेनेच. उलट शेठ म्हणतो आता लवकर पोहोचतोस तर भत्ता कशाला वाढवायचा. काही कंपन्या हाल्टिंग म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे देतात पण ते गाडीमालकाच्या खात्यात जातं, जो माणूस तिथे उन्हात थांबला त्याला त्यातला रुपया नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली हे फार चांगलं झालं, पण माझी गाडी 2016 ची आहे आणि अशाच जुन्या गाड्या रस्त्यावर अजून कितीतरी वर्षं राहणार.

काम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. 25 टनाची कॉइल नीट बांधून चारशे किलोमीटर नेली आणि गुटका जागचा हलला नाही की जे वाटतं ते मी कुणाला समजावू शकत नाही. मागणी एवढीच आहे की बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या पावतीवर, भाड्याच्या खाली थांबायचा दर पण छापावा, सहा तासांनंतर दर तासाला इतके, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा थेट त्याच्या खात्यात. बांधणी-सोडणीचे वेगळे पैसे. मग बघा पोरं येतात का नाही.

भाच्याच्या साध्या लायसनला दिवाळीत वर्ष होतंय, मग त्याला ट्रान्सपोर्टचं काढता येईल. तोपर्यंत थांबायचे पैसे लिहून देणारा एखादा मालक सापडतो का ते मी विचारत फिरतोय. आतापर्यंत दोघांना विचारलं, दोघेही नाही म्हणाले.

आपला वाचक,
एक ट्रेलर ड्रायव्हर, जालना