'आरव' म्हणजे शांत नव्हे

संपादक महोदय,

बारसे जवळ आले की मोबाइलवर नावांच्या याद्या फिरू लागतात. कधी कधी पुरवण्यांमध्येही त्या जशाच्या तशा छापल्या जातात. त्यांतले अर्थ सर्रास चुकीचे असतात. मुंबईतल्या बालवाड्यांच्या हजेरीपटावर हमखास दिसणारे 'आरव' हे नाव घ्या. यादीत त्याचा अर्थ 'शांत'. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे आरडाओरड, गलका. आवाज नसलेला तो 'अरव', पहिला अ ऱ्हस्व. रोमन लिपीतून नाव उतरवताना अ आणि आ एक होतात आणि अर्थ नेमका उलटतो. त-ट, न-ण, ल-ळ यांचीही तीच गत.

'रेयांश'ला सूर्यकिरणाचा अंश म्हणतात. पण किरण या अर्थाचा 'रेय' संस्कृतात नाही. इंग्रजी 'रे'ला 'अंश' जोडला तरच तो अर्थ निघतो. 'कियारा'खाली 'तेजस्वी' आणि 'काळ्या केसांची' असे दोन्ही अर्थ सापडतात, कारण इटालियन किआरा आणि आयरिश कीरा ही दोन वेगळी नावे स्पेलिंगच्या साम्यामुळे एकात मिसळली आहेत.

परभाषेतले नाव ठेवू नये, असे मुळीच नाही. गुलाबरावातला गुलाब फारसीच: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. शहाजी हे नाव नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवले, अशी परंपरा आहे. कुठल्याही शब्दावर 'संस्कृत' असा शिक्का मारून खोटा अर्थ चिकटवणे मात्र थांबले पाहिजे.

नाव आधी ऱ्हस्व-दीर्घासह देवनागरीत लिहावे. मग आपट्यांचा संस्कृत कोश पाहावा, मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. अख्खा शब्द मिळाला नाही तर फोड करावी, पण फोडीतला प्रत्येक तुकडा कोशात मिळालाच पाहिजे. जुनी देशी नावे तेवढी याला अपवाद, कारण ती बोलण्यात झिजलेली असतात. कृष्णाचे प्राकृतात कण्ह झाले, त्यातून कान्हू, कान्होबा. यशवंताचा झाला येसू.

आद्याक्षराच्या हट्टापायीही बनावट नावे जन्माला येतात. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर 'ण' आहे. त्यावरून कोणते नाव ठेवणार? नावरस नाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची चाल आपल्याकडे आहेच.

घाई तर नकोच. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्या वेळी बाळाचे नाव रिकामे सोडता येते. पुढे 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत.

आपल्या पुरवणीत नावे छापताना प्रत्येकापुढे मूळ भाषा आणि मूळ शब्दही द्यावा, ही कळकळीची विनंती. उदाहरणार्थ, 'अर्णव : संस्कृत, अर्णस् (पाणी) यावरून, समुद्र'. एवढी एक ओळ पुरे.

– व्युत्पत्तीचा एक अभ्यासक, गिरगाव, मुंबई