वर्गणी आधी, अंक मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी निघणारी साप्ताहिकं वर्ष-दीड वर्षात बंद पडतात आणि खापर वाचकांवर फुटतं. हे आम्हाला पटत नाही. जपानच्या ‘हेइमिन शिंबुन’ या साप्ताहिकाचंच बघा. हेइमिन म्हणजे सामान्य रयत, शिंबुन म्हणजे वृत्तपत्र. कोतोकू शूसुई आणि साकाई तोशिहिको हे मुरलेले पत्रकार. त्यांच्या दैनिकानं रशियाविरुद्धच्या युद्धाची बाजू घेतली, तेव्हा ऑक्टोबर 1903 मध्ये दोघांनी राजीनामा दिला आणि 15 नोव्हेंबरला स्वतःचं साप्ताहिक काढलं. पहिल्या अंकाच्या 5,000 प्रती संपल्या, आणखी 3,000 छापाव्या लागल्या. वाचक होतेच.

पत्र बुडालं ते कायद्यानं. युद्धासाठी वाढवलेल्या करांवर 20व्या अंकात अग्रलेख आला. अंकावर बंदी आली, साकाईंना दोन महिने तुरुंग झाला. 53व्या अंकात मार्क्स-एंगल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा अनुवाद छापला, पुन्हा बंदी आणि दंड. पुढे छपाईयंत्र जप्त करण्याचाही हुकूम निघाला. 29 जानेवारी 1905 चा 64वा अंक त्यांनी सगळा लाल शाईत छापला आणि पत्र स्वतःच थांबवलं. मार्क्सच्या वृत्तपत्राचा 1849 मधला शेवटचा अंकही असाच लाल होता.

आपल्याकडची साप्ताहिकं मात्र हिशेबात बुडतात. चार पानी डेमी (सुमारे 18×23 इंची ताव) अंकाला प्रतीमागे एकच ताव लागतो. हजार प्रतींना दोन रीम (रीम म्हणजे 500 ताव), म्हणजे 45 जीएसएमचा (चौरस मीटरला 45 ग्रॅम) सुमारे 12 किलो कागद. खराबीचे ताव वेगळे. काळ्या छपाईला दोन प्लेट (छपाईचे पत्रे) पुरतात, तावाच्या बाजूमागे एक. पहिलं पान रंगीत केलं की पाच, कारण त्या बाजूला चार रंगांच्या चार लागतात. नुसती शाई लाल केली तर प्लेट दोनच, फक्त रोलर धुवावे लागतात. प्लेटचा खर्च पाचशे प्रतींनाही तोच नि पाच हजारांनाही तोच, म्हणून तीनशे प्रतींचा रंगीत अंक घरचं खाऊनच निघतो. त्यात जाहिरातीची बिलं महिनोन्महिने अडकतात आणि प्रेसवाल्याला पैसे रोख हवे असतात.

तेव्हा वर्षाची वर्गणी आधी जमवावी, अंक मागाहून काढावा. पावतीपुस्तक घेऊन फिरायचं ते दिवाळी ते संक्रांत, कापसाचा पैसा हातात असतो तेव्हा. पेरणीच्या दिवसांत कोणी देणार नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. अंक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गावात पोचलाच पाहिजे. बाजार उठल्यावर आलेला गठ्ठा तसाच परत येतो.

आपले,
साप्ताहिकांचे काही संपादक व मुद्रक,
आर्वी, जि. वर्धा