जॉइंट ऑनर्समधून मानसशास्त्र : आधी मान्यता तपासा

संपादक महोदय,

मानसशास्त्र तर हवेच, पण तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान किंवा समाजशास्त्रही सोडवत नाही, अशा कला शाखेतल्या मुलांसाठी ब्रिटनमधली जॉइंट ऑनर्स, म्हणजे एकाहून अधिक विषय मिळून घ्यायची, पदवी हा खरोखर चांगला मार्ग आहे. मात्र विद्यापीठाचे नाव, शुल्क आणि राहण्याची सोय पाहण्याच्या नादात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. निवडलेल्या अभ्यासक्रमाला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी (बीपीएस) या तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का?

मान्यताप्राप्त पदवी किमान लोअर सेकंड क्लासमध्ये (द्वितीय वर्गाच्या खालच्या श्रेणीत) मिळवली की ‘जीबीसी’ (ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप), म्हणजे बीपीएसच्या चार्टर्ड सदस्यत्वाचा पाया ठरणारी पात्रता मिळते. क्लिनिकल, एज्युकेशनल, फोरेन्सिक अशा शाखांच्या पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची दारे तिथे सहसा या पात्रतेनेच उघडतात. एकाच विद्यापीठात निव्वळ मानसशास्त्राच्या पदवीला मान्यता असते आणि जॉइंट ऑनर्सला नसते, असे होऊ शकते. म्हणून माहितीपत्रकातल्या एखाद्या ओळीवर विसंबू नये. बीपीएसच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव शोधावे आणि मान्यता कोणत्या वर्षीच्या प्रवेशासाठी आहे तेही पाहावे. ‘सायकॉलॉजी अँड फिलॉसॉफी’ असेल तर दोन्ही विषय साधारण निम्मे-निम्मे असतात. ‘फिलॉसॉफी विथ सायकॉलॉजी’ असेल तर मानसशास्त्र दुय्यम, आणि अशा पदवीवर जीबीसीची आशा धरू नये. ऑक्सफर्डच्या मानसशास्त्र-तत्त्वज्ञान-भाषाविज्ञान या पदवीतही विद्यार्थी मानसशास्त्राचे किती आणि कोणते पेपर घेतो, यावर ही पात्रता ठरते.

निम्म्या मानसशास्त्रात काय काय बसवायचे असते, तो हिशेब घरी बसून मांडता येतो. इंग्लंडमधली तीन वर्षांची ऑनर्स पदवी ३६० श्रेयांकांची, म्हणजे मानसशास्त्राच्या वाट्याला १८०. त्यात जैविक, बोधनिक, विकासात्मक, सामाजिक आणि व्यक्तिभेद हे पाच गाभ्याचे विषय हवेतच. प्रत्येकी २० धरले तर १०० झाले. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राला ४०, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ४०. संपले १८०! आकडे विद्यापीठागणिक थोडे बदलतात, पण निष्कर्ष तोच राहतो: समुपदेशन, न्यायवैद्यक किंवा क्रीडा मानसशास्त्रासारख्या ऐच्छिक विषयांना जागा जवळपास उरत नाही. ते विषय शिकण्याच्या ओढीने कोणी जात असेल तर त्याने निव्वळ मानसशास्त्राचीच पदवी घ्यावी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रकल्पाच्या निवडीत. जॉइंट ऑनर्सच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा कोणत्याही एका विषयात प्रबंध लिहिण्याची मुभा असते. तत्त्वज्ञानातले प्राध्यापक आवडले, त्यांच्याकडे प्रबंध केला, पदवी उत्तम गुणांनी मिळाली, आणि जीबीसी गेली. ही पात्रता हवी असेल तर प्रकल्प मानसशास्त्रातलाच हवा, स्वतः केलेल्या प्रयोगावर किंवा गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला हवा, आणि त्यात उत्तीर्ण व्हायलाच हवे. बाकीच्या पेपरांतल्या चांगल्या गुणांनी तिथली तूट भरून निघत नाही. विषयनिवडीचे अर्ज बहुधा दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात भरले जातात. तेव्हा विभागाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची. पदवी बी.ए. असली तरी टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धती चुकत नाहीत, आणि ते सगळे एसपीएसएस किंवा ‘आर’ या संगणक-प्रणालींवर स्वतः करून दाखवावे लागते. दहावीनंतर गणित सुटलेल्या मुलांनी निघण्यापूर्वीच्या सुट्टीत मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि सार्थकता पातळी एवढे तरी पक्के करावे. शिवाय लेखनाच्या दोन वेगळ्या रीती एकाच वेळी सांभाळायच्या असतात. एका विभागाला युक्तिवाद करणारा निबंध हवा असतो, तर दुसऱ्याला पद्धती, निष्पत्ती, चर्चा अशा ठरीव भागांचा प्रयोग-अहवाल. दोन विभाग एकमेकांचे वेळापत्रक पाहतातच असे नाही, त्यामुळे दोन्हीकडची अंतिम मुदत एकाच आठवड्यात येऊ शकते. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही विभागांच्या तारखा एका कागदावर उतरवाव्यात.

स्कॉटलंडचा प्रकार वेगळा आहे. तिथल्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची चार वर्षांची पहिली पदवीच एम.ए. ऑनर्स म्हणवते. भारतात परतल्यावर ती पदव्युत्तर समजली जाईल, असे गृहीत धरू नये.

मान्यता हुकली तर मार्ग बंद होत नाही. साधारण एक वर्षाचा मान्यताप्राप्त कन्व्हर्जन एम.एस्सी. (मान्यताप्राप्त मानसशास्त्र पदवी नसलेल्यांसाठीचा अभ्यासक्रम) करून जीबीसी मिळवता येते. पण ते अख्खे वर्ष, त्याचे शुल्क आणि राहण्याचा खर्च आधीच्या एका तपासणीने वाचला असता. आणि जीबीसी म्हणजे रुग्ण तपासण्याचा परवाना नव्हे. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला सहसा तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसी या तिथल्या आरोग्य-व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. भारतात या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि तिने मान्य केलेले प्रशिक्षण. परदेशी पदवी घेऊन येताच दवाखान्याची पाटी लावता येईल, असे कोणी सल्लागार सांगत असेल तर ते खोटे आहे.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत परदेशी अभ्यासक्रमांचे तक्ते येतात. त्यांत शुल्क आणि कालावधी यांच्या शेजारी ‘व्यावसायिक मान्यता’ असा एक रकाना वाढवावा आणि जॉइंट ऑनर्सची नोंद निव्वळ विषयाच्या पदवीपासून वेगळी द्यावी, ही विनंती.

आपली,
मानसशास्त्राची एक अध्यापिका, पुणे